पॅकेट, पाकीट आणि पाकिटावरचा मजकूर

गेल्या महिन्यात अकाऊंट्सच्या जोशी मॅडमनी मला जिन्यातच गाठलं. "अरे, ते नेट बघ ना जरा. एकेक साईट उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो."

"नेट स्लो आहे" ही आमच्या धंद्यातली सगळ्यात निरुपयोगी तक्रार. डॉक्टरसमोर बसून नुसतं "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखी. पण मॅडमशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी त्यांच्या मशीनवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरचा डेटा पकडून दाखवणारा प्रोग्राम, लावलं, दहा मिनिटं जे काही आलं-गेलं ते सगळं पकडलं आणि फाईल सेव्ह केली. सहा लाखांच्या वर पॅकेट्स, म्हणजे डेटाचे तुकडे.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"सापडलंय, ह्या फाईलमध्येच आहे. आता ते शोधायचं."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी पगारच फुकट घेतो. पण खरंच तसं असतं. नेटवर्कवरचा डेटा पकडणं हे काम नवशिक्यालाही जमतं, एक बटण दाबायचं. सहा लाखांतून हवी ती दोनशे पॅकेट्स बाहेर काढायला काय विचारायचं ते कळावं लागतं. हा लेख त्या विचारण्याबद्दल आहे. आमच्या ऑफिसातल्या दहा मिनिटांच्या फाईलपासून अमेरिकेच्या गुप्तहेर यंत्रणेपर्यंत युक्ती एकच आहे, फरक फक्त ढिगाऱ्याच्या आकाराचा.

पॅकेटला आपण मराठीत पाकीट म्हणतो ते इथे नेमकं लागू पडतं. तुम्ही तीन एमबीचा फोटो पाठवला तर तो एका दमात जात नाही. त्याचे दोन हजारांहून जास्त तुकडे होतात, कारण ऑफिसच्या नेहमीच्या नेटवर्कवर एका पाकिटात साधारण दीड हजार बाइट्सच मावतात. प्रत्येक तुकडा पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, ते आणखी तिसऱ्यात. सगळ्यात बाहेरच्यावर शेजारच्या टप्प्याचा पत्ता असतो, म्हणजे तुमच्या वायफाय राउटरचा वगैरे. त्याच्या आतल्यावर खरा पाठवणारा आणि खरा घेणारा, म्हणजे आयपी पत्ते. त्याच्याही आत पोर्ट नंबर, म्हणजे त्या इमारतीतली कितवी खोली, आणि तुकड्याचा अनुक्रमांक. मग पत्र.

फिल्टर म्हणजे या पाकिटांवरच्या रकान्यांबद्दलचं एक विधान. "पाठवणारा अमुक आणि पोर्ट ५३." प्रत्येक पाकिटाला हे विधान लावून पाहायचं, खरं ठरलं तर ठेवायचं, नाही तर बाजूला. बस्स. त्यात जादू काही नाही, पण दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केली की रडायची पाळी येते.

आजीला धान्य निवडताना पाहिलं असेल तर हा फरक लगेच कळेल. आधी ती सुपात धान्य घेऊन पाखडायची. फोल उडालं ते उडालं, ते परत आणता येत नाही. मग पाखडलेलं ताटात घेऊन निवडायची, खडे एका कडेला, गहू एका कडेला. ताटातलं काही कुठे जात नाही, हवं तर खडे पुन्हा मोजा. पकडतानाचा फिल्टर म्हणजे पाखडणं. असे फिल्टर लिहायची भाषा टीसीपीडंप या १९८८ च्या सुमाराच्या साधनाबरोबर कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झाली. तो फिल्टर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच चालतो, नको ते पॅकेट वरपर्यंत येऊच देत नाही, म्हणून प्रचंड वेगवान. आणि म्हणूनच निर्दय. "फक्त वेबचं बघू" म्हणून पोर्ट ४४३ एवढंच पकडलंत आणि दोष निघाला भलतीकडे, तर तो पुरावा तुम्ही जमवलेलाच नसतो.

दाखवतानाचा फिल्टर म्हणजे निवडणं. सगळं फाईलमध्ये शाबूत असतं, पडद्यावर फक्त तुम्ही मागितलेलं दिसतं. वायरशार्कचं खरं वैभव इथे आहे. जेराल्ड कोम्ब्ज यांनी १९९८ मध्ये ते इथरियल नावानं बाहेर आणलं. २००६ मध्ये त्यांनी नोकरी बदलली, नावाचा हक्क जुन्या मालकाकडे राहिला, म्हणून बारसं पुन्हा करावं लागलं. वायरशार्कला पोर्ट नंबर तर कळतोच, पण पाकीट उघडून आतला प्रोटोकॉल, म्हणजे दोन मशीनांचे बोलण्याचे ठरलेले नियम, तोही वाचता येतो. डीएनएस म्हणजे साईटचं नाव सांगून तिचा आकड्यांतला पत्ता विचारणं. वायरशार्कला "ज्या डीएनएस प्रश्नाला उत्तरच आलं नाही असे प्रश्न दाखव" असं विचारता येतं. पाखडणाऱ्या फिल्टरला हे कधीच जमणार नाही, कारण त्याच्यासमोर एका वेळी एकच पाकीट असतं. उत्तर आलं की नाही हे पुढच्या पाकिटांवर ठरतं.

जोशी मॅडमच्या फाईलला मी नेमकं हेच विचारलं. सहा लाखांतून डीएनएसची अठराशे उरली. डीएनएस म्हणजे साईटचं नाव सांगून तिचा आकड्यांतला पत्ता विचारणं. त्यातली बिनउत्तराची दोनशे अकरा. आणि दोनशे अकराच्या दोनशे अकरा एकाच पत्त्याकडे निघालेली: आम्ही महिन्यापूर्वी बंद करून कपाटात ठेवलेला सर्व्हर! त्यांच्या मशीनमध्ये तो पत्ता कधीतरी कुणीतरी हातानं टाकला होता. मशीन दर वेळी त्या मेलेल्या सर्व्हरला हाक मारत होतं, वाट बघत होतं, मग दुसऱ्याला विचारत होतं. चहा तिथे पिऊन होत होता. तो पत्ता कुणी टाकला याचा शोध मी घेतला नाही. संशय माझ्यावरच येत होता.

फिल्टर लिहिताना भलेभले जिथे घसरतात ती एक जागा सांगतो, कारण ती संगणकाची नसून तर्काची चूक आहे. समजा तुम्हाला राउटरची पाकिटं नको आहेत. तुम्ही लिहिता, "पत्ता राउटरच्या पत्त्याइतका नाही." सरळ आहे ना? पण प्रत्येक पाकिटावर पत्ते दोन असतात, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. वायरशार्क वर्षानुवर्षं याचा अर्थ लावायचं, "निदान एक पत्ता राउटरचा नाही." आता राउटर स्वतःलाच कशाला पत्र लिहील? म्हणजे जवळपास प्रत्येक पाकीट या अटीत पास. तुम्ही फिल्टर लावता, यादी जशीच्या तशी, आणि तुम्हाला वाटतं बटण दाबायचं राहिलं. तुम्हाला म्हणायचं असायचं, "दोन्हीपैकी एकही राउटरचा नाही," आणि त्यासाठी अख्खं विधान कंसात घालून बाहेरून नकार द्यावा लागायचा. २०२१ च्या ३.६ आवृत्तीत त्यांनी अर्थ बदलून माणसाला जे म्हणायचं असतं तो केला. तोपर्यंत किती रात्री वाया गेल्या असतील!

हे झालं एका मशीनचं. आता आकार वाढवू. १०० मेगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर एका तासात ४५ जीबी जमतात. एक गिगाबिटची असेल तर दिवसाला जवळपास ११ टेराबाइट. एवढं साठवायला डिस्क कुणाच्या बापाची, आणि साठवलं तरी एकेक पाकीट उलगडून बघायला जन्म पुरणार नाही.

यावरचं उत्तर आपल्या सरकारी कचेऱ्यांना केव्हाचं माहीत आहे: आवक-जावक रजिस्टर. पत्र कपाटात जाईल, गहाळ होईल, वाळवी खाईल, पण रजिस्टरात एक ओळ राहते. तारीख, कुणाकडून, कुणाकडे, विषय, पृष्ठसंख्या. नेटवर्कवर हे काम झीकसारखी साधनं करतात. व्हर्न पॅक्सन यांनी १९९५ मध्ये त्याच बर्कली प्रयोगशाळेत ते ब्रो नावानं सुरू केलं, २०१८ मध्ये नाव बदलून झीक केलं. हजारो पाकिटांच्या एका संभाषणाची ते एक ओळ करतं: कोण कोणाशी बोललं, केव्हा, किती वेळ, किती बाइट्स. फाईल गेली असेल तर तिची वेगळी ओळ, तिचा प्रकार, आकार आणि ठसा (हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण). पाकिटं दोन दिवसांत पुसली तरी रजिस्टर वर्षभर ठेवता येतं. त्यावरचा शोध क्षणात होतो, कारण शोध पत्रांत होत नाही, रकान्यांत होतो.

मजकुराबद्दलच्या या मजकुरालाच मेटाडेटा म्हणतात. बरेच जण "फक्त मेटाडेटा" असं म्हणतात तेव्हा मला हसू येतं. रजिस्टर सांभाळणाऱ्या कारकुनाला साहेबांपेक्षा जास्त माहिती असते हे कुठल्याही कचेरीत जाऊन बघा.

वाहत्या डेटातली फाईल ओळखायची कशी? नावावर विसंबून चालत नाही, नाव कुणीही बदलतं. पण बहुतेक फाईलींची पहिली काही अक्षरं ठरलेली असतात. पीडीएफ फाईल सुरुवातीलाच "पीडीएफ" म्हणून स्वतःची ओळख देते. झिप फाईलच्या तोंडाशी "पी" आणि "के" असतात, ही ती पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. जुन्या वर्ड फाईलची सुरुवात सोळाच्या अंकगणितात (० ते ९ नंतर ए ते एफ हेही अंक) लिहिली तर डी-शून्य, सी-एफ, एक-एक, ई-शून्य अशी दिसते. शून्याला ओ आणि एकाला आय-एल समजून वाचा: "डॉकफाईल". कुणा प्रोग्रामरची गंमत, ती आज जगभरच्या शोधयंत्रांच्या कामी येते.

आणि हल्लीची वर्ड फाईल? ती वर्डची फाईल नाहीच, झिप आहे. विश्वास नसेल तर एखाद्या फाईलची प्रत काढा, शेवटचं डॉक-एक्स पुसून झिप लिहा आणि उघडा. आत फोल्डर निघतील. त्यातल्या एकात दोन छोट्या फाईली असतात, त्यांच्यात असं असतं: मूळ लेखक, शेवटचा बदल कुणाचा, किती वेळा सेव्ह केली, केव्हा तयार झाली, एकूण किती मिनिटं संपादन झालं, कंपनीचं नाव, वर्डची आवृत्ती.

आमच्या सोसायटीत मागे एक निनावी पत्रक फिरलं. कमिटीच्या विरोधात, भाषा जहाल, खाली सही "एक त्रस्त सभासद". ग्रुपवर ते फाईल म्हणूनच टाकलं होतं. मी उगाच, सवयीनं, आत डोकावलो. लेखकाच्या रकान्यात नाक्यावरच्या डीटीपीवाल्याच्या दुकानाचं नाव. शेवटचा बदल मात्र एका ओळखीच्या आडनावाचा, आणि ते आडनाव कमिटीतलंच! संपादनाचा वेळ चार तास अठरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी ते काका लिफ्टमध्ये भेटले, म्हणाले, "वाचलंस का रे पत्रक? कुणाचं काम असेल?" मी म्हटलं, "काय माहीत, काका. पण मेहनत बरीच घेतलीय."

ही गंमत झाली. २००५ मध्ये अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात याच रकान्यांनी एक खुनी पकडून दिला. त्यानं १९७४ ते १९९१ मध्ये दहा जणांना मारलं होतं आणि अनेक वर्षांनी पुन्हा पत्रं पाठवायला लागला होता. त्यानं पोलिसांनाच विचारलं, फ्लॉपी पाठवली तर माग लागेल का? पोलिसांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून कळवलं, काही हरकत नाही. फ्लॉपी आली. तिच्यावर पुसलेली एक वर्ड फाईल होती, तिच्यात एका ल्यूथरन चर्चचं नाव आणि "शेवटचा बदल: डेनिस". चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष डेनिस रेडर. नऊ दिवसांत बेड्या. फाईलमधला मजकूर त्यानं जपून लिहिला होता. रकाने त्याच्या गावीही नव्हते.

आता हे दोन्ही धागे एकत्र आणा: वाहतं नेटवर्क आणि फाईलीतले रकाने. म्हणजे जगभरच्या तारांमधून जाणाऱ्या प्रत्येक फाईलीचा "लेखक" आणि "कंपनी" रकाना रजिस्टरात उतरवायचा. हे कुणी करत असेल का?

३१ जुलै २०१३ ला ब्रिटनच्या 'द गार्डियन'नं एनएसए या अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं दिलेल्या कागदपत्रांतलं २००८ सालचं एक सादरीकरण प्रसिद्ध केलं. विषय एनएसएचं एक्सकीस्कोर, म्हणजे पकडलेल्या डेटात शोध घ्यायची यंत्रणा. जगभरात सुमारे १५० ठिकाणी ७०० हून जास्त सर्व्हर. बातमीनुसार मजकूर तीन ते पाच दिवस राहायचा, मेटाडेटा तीस दिवस. काही ठिकाणी दिवसाला २० टेराबाइटहून जास्त यायचं आणि ते २४ तासच टिकायचं. २०१२ मधल्या एका तीस दिवसांच्या काळात ४१ अब्ज नोंदी. आवक-जावक रजिस्टर, फक्त पृथ्वीएवढं.

मला त्यातली सगळ्यात हुशार गोष्ट आकाराची वाटत नाही. एवढा डेटा एका जागी आणणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी तो आणलाच नाही. डेटा जिथे पकडला तिथेच पडून राहायचा, फिरायचा तो प्रश्न. विश्लेषकानं एकदा प्रश्न टाकला की तो सगळ्या ठिकाणी जायचा, प्रत्येक ठिकाण आपापल्या ढिगाऱ्यात बघून फक्त जुळलेलं परत पाठवायचं. तालुक्यातल्या सगळ्या तलाठ्यांची दप्तरं जिल्ह्याला मागवण्याऐवजी एक परिपत्रक काढावं, तसं. १ जुलै २०१५ ला 'द इंटरसेप्ट'नं आणखी कागद छापले, त्यातून कळलं की हे सगळं रेड हॅट लिनक्स, अपाची आणि मायएसक्यूएल या नेहमीच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. म्हणजे आमच्या गावच्या पतसंस्थेची वेबसाईट चालते तेच सामान!

दुसरी गोष्ट प्रश्नांच्या स्वभावाची. ईमेल पत्ता माहीत असेल तर शोध सोपा, अशा खुणेला ते 'पक्का निवडक' (स्ट्राँग सिलेक्टर) म्हणायचे. पण माणूसच माहीत नसेल तर? सादरीकरण सांगतं की मग विसंगती शोधा. पाकिस्तानात असून जर्मन बोलणारा. इराणमधून निघालेल्या कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेल्या) वर्ड फाईली. इराकमधून बाहेर जाणाऱ्या, नेटवर्क कार्डांचे क्रमांक असलेल्या एक्सेल शीट्स, म्हणजे तिथल्या नेटवर्कचा नकाशा काढता येईल. आणि आपल्या विषयाचा प्रश्न: एक जिहादी दस्तऐवज हातोहात फिरत आलाय, मूळ कुणी लिहिला आणि तेव्हा तो कुठे होता? ईमेल कुणी पाठवला याला इथे किंमत नाही, फाईल वीस हातांतून गेलेली असते. पण "मूळ लेखक" हा रकाना बहुतेक जण पुसत नाहीत, आणि तीच फाईल आठवड्यापूर्वी दुसऱ्या तारेवरून जाताना टिपलेली असू शकते. इंटरसेप्टच्या कागदांत कागदपत्रांच्या मेटाडेटावर शोध कसा घ्यायचा याचं वेगळं प्रशिक्षणच होतं. विश्लेषकानं संस्थेचं नाव रकान्यात टाकायचं, पाठवणारा कुणी का असेना.

ज्याला नाव माहीत आहे तो एका माणसावर नजर ठेवतो. ज्याला नुसता नमुना माहीत आहे, त्याला नमुन्यात बसणाऱ्या सगळ्यांवर ठेवावी लागते, आणि नमुना लिहिणारा माणूसच असतो. राउटरच्या पत्त्याची ती चूक आठवा. जुलै २०१४ मध्ये एनडीआर आणि डब्ल्यूडीआर या जर्मन प्रसारण संस्थांनी एक्सकीस्कोरचे काही नियम उघड केले. ओळख लपवून नेट वापरू देणाऱ्या टॉरच्या सर्व्हरशी जोडणारे, त्याच कामाच्या टेल्स या ऑपरेटिंग सिस्टिमची माहिती शोधणारे लोक त्यात अडकत होते, आणि लिनक्स जर्नल या मासिकाच्या साईटचा पत्ताही त्या नियमांत होता. टेल्सबद्दलच्या टिपणीत अतिरेक्यांचा उल्लेख. आता लिनक्स जर्नल वाचतो कोण? माझ्यासारखा, सर्व्हर का पडला म्हणून रात्री दोनला जागा असलेला माणूस.

त्यानंतर तारेवरचं चित्र बरंच बदललंय. आज बहुतेक साईट्सशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद असते, त्यामुळे वाटेत बसलेल्याला तुमच्या फाईलीतले रकाने दिसत नाहीत. पत्र बंद झालं, पण पाकीट राहिलं. जोडणी सुरू होताना साईटचं नाव अजूनही बहुतेक वेळा उघडंच जातं, वेळ आणि आकार झाकणं तर अवघडच. आपला कायदाही हा फरक मानतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात मजकूर अडवून वाचण्याचे सरकारी अधिकार कलम ६९ मध्ये आहेत, आणि रहदारीचा डेटा जमवण्याचे वेगळे, कलम ६९ ब मध्ये. तुम्ही-आम्ही मात्र आपल्या किंवा परवानगी असलेल्या नेटवर्कवरच वायरशार्क लावायचं. शेजाऱ्याचं वायफाय उघडं आहे म्हणून नाही.

आणि तारेवर कुलूप लागलं म्हणून फाईलीतले रकाने गेले असं नाही. ते फाईलीबरोबरच घेणाऱ्याच्या हातात पडतात. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना त्यातला ठिकाणाचा तपशील काढून टाकतं, पण तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवलात तर सगळं जसंच्या तसं जातं. वर्डमध्ये फाईल तपासून रकाने पुसायची सोय आहे, फाईलच्या मेनूत माहिती या पानावर.

परवा जोशी मॅडमना तीच दाखवली. एका बाहेरच्या पार्टीला दरपत्रक पाठवायचं होतं आणि आतली नावं जायला नको होती. त्यांनी तपासणी चालवली, लेखक पुसला, कंपनी पुसली, संपादनाचा वेळ पुसला, मला दाखवून घेतलं आणि समाधानानं फाईल मेलला जोडली. फाईलचं नाव होतं, "दरपत्रक_फायनल_फायनल२_देशमुखसरांनी१०टक्केवाढवलेलं".